सनदेचा राग आणि वॉशिंग्टनचे बंड

इंग्लंडच्या राजाने जॉर्ज वॉशिंग्टनला वेळीच लष्करी सनद देऊन टाकली असती, तर तो बंडात गेलाच नसता, हे मत आता इतके रुळले आहे की ते मांडणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. गोष्ट सोपी आणि चटपटीत आहे. व्हर्जिनिया वसाहतीच्या मिलिशियातला एक महत्त्वाकांक्षी तरुण ब्रिटिश सैन्यात अधिकारी होऊ पाहतो. विलायतेहून आलेले साहेब त्याला गावंढळ समजून झिडकारतात. तो अपमान गिळून घरी बसतो आणि संधी येताच त्याच राजाविरुद्धच्या बंडाचा सेनापती होऊन वचपा काढतो. अपमान आणि सूड यांवर रचलेला इतिहास लक्षात राहायला सोपा असतो, म्हणून तो टिकतो. माझे म्हणणे असे की या गोष्टीतला अपमान खरा आहे, बंडही खरे आहे. दोहोंना जोडणारा सांधा तेवढा खोटा आहे.

वादाचा आपला जुना शिरस्ता पूर्वपक्ष आधी नीट मांडण्याचा आहे, आणि येथे पूर्वपक्षाकडे सामग्री भरपूर आहे. त्या काळी वसाहतींत तीन प्रकारचे सैनिक असत. राजाच्या सनदेने नेमलेले अधिकारी असलेली नियमित पलटण सर्वांत वर. वसाहतीच्या विधिमंडळाने पैसा मंजूर करून एका मोहिमेपुरती उभी केलेली प्रांतिक पलटण तिच्या खाली. आणि गावोगावच्या नांगरधाऱ्यांची, वर्षातून काही दिवस कवायत करणारी मिलिशिया सर्वांत तळाला. वॉशिंग्टन या तळातून आला. १७५२ च्या अखेरीस, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याला व्हर्जिनियाच्या मिलिशियात एका विभागाचा ॲडज्युटंट म्हणून मेजरचा हुद्दा मिळाला. लष्करी शिक्षण शून्य, पण घराणे बरे आणि फेअरफॅक्स या बड्या कुटुंबाचा वशिला होता.

१७५४ साली तो प्रांतिक पलटणीचा लेफ्टनंट कर्नल होऊन फ्रेंचांना अडवायला ओहायोच्या खोऱ्यात गेला. तेथे फ्रेंच अधिकारी जुमोनव्हिल मारला गेला, आणि जुलैमध्ये फोर्ट नेसेसिटी नावाच्या ओल्या, सखल जागेतल्या लाकडी कुंपणात वॉशिंग्टनला शरणागती पत्करावी लागली. शरणागतीच्या फ्रेंच मसुद्यात जुमोनव्हिलच्या 'खुना'ची कबुली होती. फ्रेंच न येणाऱ्या वॉशिंग्टनने त्यावर सही ठोकली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्या आधी घडली. साउथ कॅरोलिनाहून जेम्स मॅके नावाचा एक कॅप्टन शंभर माणसे घेऊन मदतीला आला होता. त्याच्याकडे राजाची सनद होती, म्हणून त्याने, तोवर कर्नल झालेल्या वॉशिंग्टनचे हुकूम मानायला नकार दिला. त्याची माणसे रस्ता बांधायलाही तयार होईनात. हुद्द्याने तीन पायऱ्या खालचा माणूस सनदेच्या जोरावर वर बसत होता. त्याच वर्षी लंडनने यावर शिक्कामोर्तब करणारा हुकूमच काढला. व्हर्जिनियाचे गव्हर्नर डिनविडी यांनी पलटण मोडून तिच्या स्वतंत्र तुकड्या केल्या. त्यांत कॅप्टनच्या वरचा हुद्दाच उरला नाही. कर्नलचा कॅप्टन होण्यापेक्षा वॉशिंग्टनने राजीनामा दिला.

पुढच्या वर्षी तो ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकच्या फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेत बिनपगारी, बिनहुद्द्याचा मदतनीस म्हणून गेला. ९ जुलै १७५५ रोजी मोनोंगाहेला नदीकाठी ब्रॅडॉकच्या सुमारे १३०० माणसांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक मेली किंवा जखमी झाली. वॉशिंग्टनच्या मांडीखाली दोन घोडे पडले, कोटातून चार गोळ्या गेल्या. या पराक्रमामुळे व्हर्जिनियाने त्याला पुन्हा कर्नल केले, सगळ्या प्रांतिक फौजेचा मुख्य केले, आणि पुन्हा तेच सुरू झाले. मेरीलँडच्या तीसेक माणसांचा प्रमुख कॅप्टन डॅगवर्दी एका जुन्या शाही सनदेच्या आधारावर फोर्ट कंबरलंडमध्ये कर्नलसाहेबांना जुमानेना. १७५६ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, वॉशिंग्टन व्हर्जिनियाहून बॉस्टनपर्यंत घोडदौड करत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर आणि तेव्हाचे सरसेनापती शर्लींकडे दाद मागायला गेला. शर्लींनी डॅगवर्दीच्या बाबतीत वॉशिंग्टनच्या बाजूने निकाल दिला. शाही सनद मात्र दिली नाही. १७५७ मध्ये त्याने नवे सरसेनापती लॉर्ड लाउडन यांना लांबलचक पत्र लिहिले, विंचेस्टरच्या किल्ल्याला त्यांचे नाव दिले, फिलाडेल्फियात त्यांची भेट घेतली. हाती काही लागले नाही.

हे सगळे खरे आहे. त्या वर्षांतली वॉशिंग्टनची पत्रे वाचताना कधी कधी त्याचा कंटाळाही येतो. पगार कमी, हुद्दा कमी, मान कमी, हेच तुणतुणे. तेव्हा अपमान झालाच नव्हता, असे कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

मात्र सुडाची गोष्ट सांगणारे येथेच थांबतात आणि एकदम १७७५ वर उडी घेतात. मधली वर्षे उघडून पाहायची तसदी कोणी घेत नाही.

पहिली गोष्ट अशी की ही तक्रार बऱ्याच अंशी दूर झाली होती. १७५७ च्या अखेरीस ब्रिटिश मंत्री विल्यम पिट यांनी नियम बदलला. प्रांतिक अधिकाऱ्यांचे हुद्दे कर्नलपर्यंत मान्य झाले. समान हुद्द्याच्या शाही अधिकाऱ्याच्या मागे त्यांचा क्रम लागे, पण कॅप्टनने कर्नलला धुडकावण्याचे दिवस संपले. १७५८ च्या जनरल फोर्ब्जच्या मोहिमेत वॉशिंग्टन कर्नल म्हणून वावरला. तिथे तो भांडला, पण कशावरून? नवा रस्ता पेनसिल्व्हेनियातून काढायचा की ब्रॅडॉकचा जुना, व्हर्जिनियाला सोयीचा रस्ता वापरायचा, यावरून. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याने आपल्या ओळखीच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याला कळवले होते की लष्करात बढतीची आशा आपण आता सोडली आहे. वर्षअखेर त्याने राजीनामा दिला, ६ जानेवारी १७५९ रोजी मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न केले आणि फेब्रुवारीत व्हर्जिनियाच्या विधिमंडळात जाऊन बसला. सव्वीस वर्षांच्या या माणसाने लष्करी महत्त्वाकांक्षेचे पान उलटले ते धुमसत नव्हे, तर मोठी इस्टेट आणि विधिमंडळाची खुर्ची मिळवून.

दुसरी गोष्ट, धुमसणारा माणूस पहिल्या ठिणगीला पेट घेतो. पहिली ठिणगी १७६५ ची: पार्लमेंटने वसाहतींवर लादलेला स्टँप ॲक्टचा कर. बॉस्टनमध्ये पुतळे जाळले जात होते, व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीचे ठराव गाजत होते. वॉशिंग्टन काय करत होता? मार्थाच्या लंडनमधल्या काकांना त्याने सप्टेंबरमध्ये जे लिहिले ते एखाद्या सावध जमीनदाराचे पत्र आहे. या कराने इथली न्यायालये बंद पडतील आणि मग तुमच्या सावकारांची वसुली कशी होणार, असा त्याचा रोकडा सवाल होता. लाल कोटाविषयी अवाक्षर नाही.

आणि मग ही जेवणे पाहा. मोनोंगाहेलाच्या त्या रानात ब्रॅडॉकच्या बिनीच्या तुकडीचा प्रमुख होता थॉमस गेज, पुढे अमेरिकेतल्या ब्रिटिश फौजेचा सरसेनापती. १७७३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या नागरिकांनी गेजसाठी मेजवानी दिली. सावत्र मुलाला कॉलेजात घालायला त्या शहरात आलेला वॉशिंग्टन त्या मेजवानीला गेला आणि आपल्या रोजनिशीत त्याने तशी नोंदही केली. दोन वर्षांनी तो याच गेजला बॉस्टनमध्ये वेढा घालून बसणार होता. पुढच्या वर्षीचा मे त्याहून मजेदार. २५ मे १७७४ रोजी वॉशिंग्टन विल्यम्सबर्गमध्ये गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांच्याकडे जेवला, २६ ला सकाळी त्यांच्यासोबत घोड्यावरून त्यांच्या शेतावर जाऊन न्याहारी केली. त्याच दिवशी डनमोरनी, पार्लमेंटने बंदर बंद केलेल्या बॉस्टनच्या समर्थनार्थ ठराव केला म्हणून विधिमंडळ बरखास्त केले. २७ ला बरखास्त सभासदांनी रॅले टॅव्हर्नमध्ये जमून ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर बहिष्काराचे आवाहन केले, त्यात वॉशिंग्टन होता. आणि संध्याकाळी लेडी डनमोर यांच्या सन्मानार्थ ठेवलेल्या नाचालाही तो हजर होता. मनात वीस वर्षांचे वैर साठवलेला माणूस असा वागत नाही. राजाच्या माणसांशी त्याचे व्यक्तिशः काही वाकडे नव्हते. वाकडे होते ते त्यांच्या अधिकाराच्या व्याप्तीशी.

आता तुलनेकडे वळू, कारण एकाच माणसाचे मन उकरून काही सिद्ध होत नसते. सनद नाकारल्याने माणूस बंडखोर होत असेल, तर ज्यांना सनद मिळाली ते राजनिष्ठ राहायला हवेत आणि ज्यांना मिळाली नाही ते बंडात दिसायला हवेत. प्रत्यक्षात काय दिसते? अमेरिकन बंडाच्या पहिल्या फळीतले तीन सेनापती, होरेशियो गेट्स, चार्ल्स ली आणि रिचर्ड माँटगोमेरी, तिघेही राजाची सनद बाळगलेले माजी ब्रिटिश अधिकारी. गेट्स तर मोनोंगाहेलाला जखमी झालेला. माँटगोमेरीने सनद विकून न्यूयॉर्कमध्ये शेती घेतली आणि १७७५ च्या शेवटच्या दिवशी क्वेबेकच्या तटापाशी, बंडखोरांच्या बाजूने लढताना तो मारला गेला.

यावर उत्तर येईल की तेही बढती अडल्यामुळे नाराज होते. बरे. मग सिद्धान्त असा होतो की ज्याची बढती अडली तो बंड करतो. या हिशेबाने अठराव्या शतकातले अर्धे ब्रिटिश सैन्य बंडखोर ठरायला हवे होते. तिथे हुद्दे पैशाने विकत मिळत आणि गरीब अधिकारी लेफ्टनंट म्हणूनच म्हातारा होई.

दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. मॅसॅच्युसेट्सचा टिमथी रगल्स हा वॉशिंग्टनसारखाच प्रांतिक अधिकारी, फ्रेंचांविरुद्धच्या त्याच युद्धात कर्नल आणि मग ब्रिगेडिअर. वॉशिंग्टनपेक्षा वरच्या हुद्द्याचा. लंडनच्या हुद्द्यांच्या नियमांचा जाच त्याच्या वर्गालाही होताच. हाच रगल्स १७६५ च्या स्टँप ॲक्ट काँग्रेसचा अध्यक्ष होता, तिच्या निवेदनावर सही करायला त्याने नकार दिला आणि बंडाच्या वेळी तो उघडपणे राजाच्या बाजूने उभा राहिला. व्हर्जिनियातच पाहायचे, तर १७५८ मध्ये वॉशिंग्टनच्या जोडीने दुसऱ्या व्हर्जिनिया पलटणीचा कर्नल होता विल्यम बर्ड तिसरा. तोच प्रांत, तीच मोहीम, तोच हुद्दा. १७७५ मध्ये त्याचा पहिला कल राजाकडे होता. ज्या कारणाने एकजण पूर्वेला जातो आणि दुसरा पश्चिमेला, ते कारण कसले?

याच प्रश्नावर हिंदुस्थानातूनही साक्ष मिळते, आणि मराठी वाचकाला ती जवळची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही हेच दुखणे होते: राजाच्या पलटणीतला कॅप्टन आला की कंपनीचा कॅप्टन खालचा. १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे गुडघे टेकणाऱ्या मुंबईच्या फौजेतले गोरे अधिकारी याच दुय्यम वर्गातले. या वर्गाने दंगेही केले. १७६६ मध्ये क्लाइव्हने भत्ता कापला तेव्हा बंगालच्या अधिकाऱ्यांनी सामूहिक राजीनामे दिले. १८०९ मध्ये मद्रासच्या फौजेतले अधिकारी उठले आणि श्रीरंगपट्टणला गोळीबारापर्यंत गोष्ट गेली. पण त्यांतून प्रजासत्ताक निघाले नाही. भत्ते, हुद्दे आणि माफी यांवर प्रकरणे मिटली. हुद्द्याच्या रागातून अर्ज निघतात, राजीनामे निघतात, फार तर छावणीतले बंड निघते. राजाचे सार्वभौमत्व नाकारायला वेगळे सामान लागते, आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे ते नव्हते, कारण त्यांच्यामागे कर मंजूर करणारे विधिमंडळ नव्हते.

येथे दुसरे काही पंडित पुढे सरसावतात. राग नव्हे, पैसा, असे ते म्हणतात: तंबाखूचे कर्ज आणि पश्चिमेची जमीन. हे अधिक विचारी मत आहे, म्हणून थोडे थांबू या. १७६४ मध्ये लंडनच्या रॉबर्ट केरी कंपनीचे वॉशिंग्टनकडे अठराशे पौंडांच्या आसपास येणे होते, हे खरे. पण त्यावर त्याने काढलेला तोडगा बंडाचा नव्हता. त्याने तंबाखू सोडून गहू पेरला, पिठाची गिरणी चालवली. १७७३ मध्ये सावत्र मुलगी पॅट्सी वारली आणि तिच्या मालमत्तेच्या वाट्यातून लंडनची बाकी फिटली. म्हणजे बंडाच्या उंबरठ्यावर तो कर्जमुक्त होता.

जमिनीचे तसे नाही. १७५४ मध्ये डिनविडींनी सैन्यात येणाऱ्यांना दोन लाख एकर जमिनीचे वचन दिले होते. १७६३ च्या शाही जाहीरनाम्याने ॲपलॅचियन डोंगरापलीकडची वस्ती बंद केली. वॉशिंग्टनने हा जाहीरनामा मूळ रहिवाशांना शांत ठेवण्याची तात्पुरती युक्ती मानली आणि विल्यम क्रॉफर्ड या मोजणीदाराला गुपचूप जमिनी हेरायला सांगितले. अखेर वीस हजारांहून अधिक एकर त्याच्या नावे झाली. सैनिकांसाठी असलेल्या जमिनीतला उत्तम भाग कर्नलने आपल्याकडे ओढला, ही त्याच्या चरित्रातली न धुतली जाणारी बाजू आहे. पण तारखा पाहा. क्रॉफर्ड नियमानुसार नेमलेला नाही, सबब हे सगळे पट्टे रद्द, असे डनमोरनी कळवले ते १७७५ च्या एप्रिलमध्ये. त्याआधी नऊ महिने, १८ जुलै १७७४ रोजी, पार्लमेंटच्या करांना विरोध करणारे फेअरफॅक्स परगण्याचे ठराव वॉशिंग्टनच्या अध्यक्षतेखाली मंजूर झाले होते. आणि डनमोरच्या पत्राच्या सुमारे सहा महिने आधी तो वसाहतींच्या संयुक्त सभेला, पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसला, जाऊन आला होता. जमिनीचा घाव बंडाच्या नंतर बसला. फार तर परतीची वाट त्याने बुजवली.

मग त्याला बंडात नेले कशाने? माझे उत्तर रंगतदार नाही. तो बंडात गेला सैनिक म्हणून नव्हे, तर विधिमंडळाचा सभासद म्हणून. सोळा वर्षे तो तिथे बसत होता. बोलत कमी होता, पण रस्ते, फेरी, डुकरे मोकळी सोडण्यास बंदी, पॅरिशचा खर्च, परगण्याच्या न्यायालयातले तंटे, असला कारभार बघत होता. आपला कर आपण लावतो आणि आपणच खर्च करतो, हे त्याच्यासाठी रोजचे काम होते, त्याला ते पुस्तकात वाचावे लागले नाही. ते पुस्तकी तत्त्व म्हणून मांडायला शेजारचा जॉर्ज मेसन होता. एप्रिल १७६९ मध्ये मेसनला लिहिताना वॉशिंग्टन शस्त्रांचा उल्लेख करतो, पण शेवटचा उपाय म्हणून. आधी आयात बंद करून पाहू, असे म्हणतो. बॉस्टनचा चहा समुद्रात टाकणे त्याला पसंत नव्हते. त्याला उठवले ते त्या चहाच्या बदल्यात पार्लमेंटने केलेल्या शिक्षेने: बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडीत, प्रतिनिधींचा अधिकार कापलेला. एका वसाहतीचे विधिमंडळ असे मोडता येते, तर व्हर्जिनियाचेही येते.

त्याच्या मनाचा सर्वांत स्वच्छ आरसा म्हणजे १७७४ च्या उन्हाळ्यात ब्रायन फेअरफॅक्सला लिहिलेली पत्रे. ब्रायन हा ज्या घराण्याने त्याला वर काढले त्याच घराण्यातला, राजाशी समेट व्हावा या मताचा. वॉशिंग्टन त्याला समजावतो: अर्ज करून झाले, विनवण्या करून झाल्या, काही झाले नाही, आणि जसा मला तुझ्या खिशात हात घालायचा हक्क नाही, तसाच पार्लमेंटला माझ्या खिशात घालायचा नाही. याच पत्रव्यवहारात तो असेही लिहितो की आपण आता विरोध केला नाही, तर ज्या काळ्या गुलामांवर आपण मनमानी राज्य करतो, त्यांच्यासारखेच लाचार आपण होऊ. शंभराहून अधिक गुलामांचा मालक हे लिहितो आणि त्यातली विसंगती त्याला जाणवलेली दिसत नाही. त्याला संत करू पाहणाऱ्यांनी हे वाक्य विसरू नये. पण सुडाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनीही ही पत्रे पुन्हा वाचावीत. ज्या माणसाला मित्रापाशी मन मोकळे करायचे होते त्याने लाउडन, डॅगवर्दी, मॅके यांची उजळणी केली नाही. त्याने करावर आणि प्रतिनिधित्वावर वाद घातला.

एक आक्षेप उरतो, आणि तो चांगला आहे. १७७२ मध्ये चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने वॉशिंग्टनचे पहिले चित्र काढले, तेव्हा हा चाळिशीचा जमीनदार तेरा वर्षांपूर्वी उतरवलेला गणवेश घालून बसला. १७७५ मध्ये काँग्रेसलाही तो गणवेशात आला. जुनी जखम भळभळत असल्याची ही खूण नाही का? मला तर उलट दिसते. चित्रातला तो निळा कोट व्हर्जिनिया पलटणीचा आहे, राजाच्या सैन्याचा नव्हे. ज्याला आपला प्रांतिक हुद्दा लाजिरवाणा वाटत होता, तो त्याच हुद्द्याच्या पोशाखात चिरंतन व्हायला बसेल? आणि काँग्रेसमध्ये गणवेशाने सांगितले ते इतकेच की लढायची वेळ आली तर मी उपलब्ध आहे. तोवर फेअरफॅक्सची स्वयंसेवक तुकडी त्याच्या देखरेखीखाली कवायत करू लागली होती.

त्या पाच वर्षांच्या नोकरीचा परिणाम शोधायचाच असेल तर बंडाच्या कारणांत नव्हे, त्याच्या लढण्याच्या पद्धतीत शोधावा. १५ जून १७७५ रोजी काँग्रेसने त्याला सेनापती केले. पगार नको, खर्चाचा हिशेब देईन, असे तो म्हणाला. आणि मिलिशियातून वर आलेल्या या माणसाने उभे काय केले? मिलिशियाची फौज नव्हे. सप्टेंबर १७७६ मध्ये त्याने काँग्रेसला बजावले की मिलिशियावर विसंबणे म्हणजे मोडक्या काठीवर रेलणे आहे. त्याला दीर्घ मुदतीच्या भरतीचे, शिस्तीचे, चांगल्या पगाराच्या अधिकाऱ्यांचे नियमित सैन्य हवे होते. म्हणजे तरुणपणी ज्या सैन्यात त्याला घेतले नाही त्याच घडणीचे. ब्रिटिश सैन्याचा त्याला तिरस्कार नव्हता. ते त्याचे मानक होते. मोनोंगाहेलाने त्याला एवढेच शिकवले होते की ते सैन्य हरू शकते.

सनद न मिळाल्याने वॉशिंग्टन चिडला होता, हे सिद्ध आहे. त्यामुळे त्याने बंड केले, हे सिद्ध नाही. तारखा या मताच्या विरुद्ध आहेत, वॉशिंग्टनची पत्रे विरुद्ध आहेत आणि त्याच्या बरोबरीच्या माणसांची चरित्रे विरुद्ध आहेत. हे मत ज्यांना अजूनही सोडवत नसेल, त्यांनी आधी दोन माणसांचा हिशेब द्यावा. राजाची सनद मिळालेला माँटगोमेरी राजाविरुद्ध लढताना क्वेबेकला मेला, आणि आयुष्यभर प्रांतिक अधिकारीच राहिलेला रगल्स घरदार गमावून, राजनिष्ठ म्हणून, १७९५ मध्ये नोव्हा स्कोशियात वारला.